बापूंच्या हातची गाठ

रविवार, ६ ऑक्टोबर

ज्याला मासा खायचा नाही त्यानं तो धरायला जाणं हा शुद्ध निरुद्योगीपणा आहे, असं सौ.चं मत. मी म्हणालो, याला निष्काम कर्म म्हणतात. ती म्हणाली, मग ते निष्काम कपडे बाहेरच्या नळावर भिजवा, घरात वास नको.

नव्या डायरीचा आरंभ आहे, तेव्हा संस्कृत नाटकाच्या रीतीनं पात्रं आधी रंगभूमीवर आणतो. मुळा धरणाच्या फुगवट्याला, एका वाकड्या बाभळीखाली आम्ही चौघे दर रविवारी गळ टाकून बसतो. सहादेवबापू हे निवृत्त पाटकरी. कालव्याला पाणी सोडण्यात जन्म गेला, आता धरणापुढे बसून त्यातलं थोडं परत मागतात. अजिनाथचं राहुरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो बोलतो कमी. वाल्मिक भिंगारला लष्कराच्या कुठल्याशा कचेरीत मुलकी नोकर आहे; तो अजिनाथची कसर भरून काढतो. आणि मी, जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर. लहानपणी पाठशाळेत रूपं घोकली म्हणून इथे 'शास्त्री'. रविवारच्या अंकात 'काठावरून' हे माझं खुसखुशीत सदर येतं. तालुक्यात ते आवडीनं वाचतात. निदान ज्याच्यावर लिहिलेलं असतं तो तरी वाचतोच.

आज वाल्मिकच्या नव्या काठीचं दर्शन झालं. मखमली पिशवीतून निघाली.

"कार्बनची हाय. वजन बघ, शास्त्री. पेनापेक्षा हलकी."

"पेनानं माझ्या हाती काहीतरी लागतं तरी."

"मागच्या काठीला पण असंच बोल्ला हुतास."

"मागच्या काठीनं तू काय धरलंस?"

"सर्दी," बापू म्हणाले. त्यांची स्वतःची काठी वेळूची, तिला रीळही नाही. "आन् हिला मशीन लावलंय ते कशाला? मासा वढायला का इहिरीचं पानी?"

मग नेहमीप्रमाणे चर्चा झाली. पावसाळा सरताना पाणी निवळलं की रोहू काठाला येतो की नाही; कणकेत हिंग घालावा की पेंड; थंडीत गांडूळ बरं की कोळंबी. ही चर्चा गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि माशांना तिचा पत्ता नाही.

ऑगस्टमध्ये बापू काठावर घसरून पडले होते. त्यानंतर त्यांच्या ओंकारनं घातलेली अट त्यांनी आज सांगितली. "म्हनला, जोवर तुमचं तुमी करताय, गाठबी तुमची तुमी मारताय, तोवर खुशाल जा. ज्या दिशी दुसऱ्यानं हात लावायची येळ आली, त्या दिशी काठ्या माळ्यावर."

"काढील खाली पुन्हा," मी म्हणालो. "मुलगाच आहे."

"न्हाई रं. येकदा माळ्यावर गेलं ते गेलं. मला त्याचं काय न्हाई. पन हा येक ऐतवार हाय म्हनून बाकीचे सहा दिस निघत्यात."

म्हाताऱ्या माणसांना नाट्य फार. चहाचा कप तोंडाला नेईपर्यंत त्यांनी निम्मा शर्टावर सांडला. मी म्हणालो, "बापू, खात्यातनं निवृत्त झालात तरी पाणी सोडायची सवय गेली नाही." सगळे हसलो. अजिनाथ त्या वेळी बूच शोधत होता.

रविवार, १३ ऑक्टोबर

बापूंना रोहू लागला. केवढा! वाल्मिकच्या जाळीत मावेना, शेपूट बाहेर. वाल्मिकच्या कार्बनच्या काठीला एक चिलापी लागली. तिच्यापेक्षा दोरीला लावलेलं शिसं जड होतं.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र टिपून ठेवतो. रोहू लागण्याआधी बापूंचा गळ खडकात अडकून तुटला. त्यावर ते उठले आणि म्हणाले, "अजिनाथ, चल रं जरा बाभळीमागं." दोघे गेले, आले, आणि आले तेव्हा बापूंच्या दोरीला नवा गळ होता. पोटाची तक्रार म्हणावी तर दोघांना एकदम कशी? गेल्या महिन्यात हेच दोनदा झालं.

इथे आमच्या मंडळाचा एक नियम लिहून ठेवायला हवा. तो बापूंनीच घातलेला आहे आणि ते फार कडक पाळायला लावतात. दुसऱ्याच्या गळाला गाठ मारायची नाही. मारली, तर मासा गाठ मारणाऱ्याचा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी दोऱ्या गुंडाळून घरी जायचं, कारण पाणी रुसतं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा गाठ येत नव्हती म्हणून तीन रविवार बापूंनी मला नुसतं बघत बसवलं होतं. गळ माझ्या हातात आणि शिव्या त्यांच्या तोंडात.

म्हणजे गौडबंगाल आहे. अजिनाथकडे काहीतरी गुप्त आमिष आहे आणि बापू ते गुपचूप लावून घेतात, असा माझा तर्क.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सौ. बाजारातून आली. म्हणाली, बापू भेटले, भाजीवालीला सुट्टे देताना सगळी नाणी खाली सांडली, मग उचलताही येईनात, मीच उचलून दिली. "त्यांचा हात नीट बघितलात का कधी?"

मी म्हणालो, "पैसे देताना बापूंचा हात कापतो ही फार जुनी गोष्ट आहे."

ती हसली नाही. मासेमारी न करणाऱ्या माणसांची विनोदबुद्धी मंद असते, असं माझं निरीक्षण आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

आजचा दिवस या मोसमातला सगळ्यात रंगलेला. सविस्तर लिहितो, कारण सदराला कामी येणार.

बापूंचा गळ पुन्हा तुटला. "अजिनाथ, चल रं," झालं. दोघे गेले. मी चपला काढून अनवाणी मागून गेलो. बघतो तर आमिष-बिमिष काही नाही. अजिनाथ उकिडवा बसून बापूंच्या दोरीला गळ बांधतोय! त्याच्या खिशात आधीच गाठ मारून ठेवलेल्या गळांची डबी. आणि नियमकर्ते ऋषी शेजारी उभे, दोन्ही हात काखेत घालून.

मी ओरडलो, "धरले!"

वाल्मिक धावत आला. मी लगेच न्यायसभा भरवली. पाठशाळेत आम्ही वाद घालायचो तसाच घाट घातला: आधी आरोप, मग बचाव, मग निर्णय. वाल्मिक पंच.

"प्रश्न असा," मी म्हणालो, "की गेल्या रविवारचा रोहू कोणाचा? गाठ अजिनाथची. नियम बापूंचा. म्हणजे बापूंनी अजिनाथचा मासा घरी नेऊन खाल्ला. चोरी सिद्ध."

"खाल्ला कुठं, सुनेनं वाटला आळीत," बापू म्हणाले.

"चोरीचा माल वाटला. गुन्हा वाढला!"

वाल्मिकला ठसका लागला.

"बचाव काय?"

बापू म्हणाले, "डोळ्याला बारीक दिसत न्हाई."

"परवा पलीकडच्या काठावरचा बगळा तुम्हीच दाखवलात. आमच्यापैकी कोणालाच तो दिसला नव्हता."

"मग तसं असंल." ते हसले.

अजिनाथ म्हणाला, "शास्त्रीबुवा, ऱ्हाऊ द्या. मीच मारतो म्हनलो हुतो. माजी चूक."

"साक्षीदारानं मध्ये बोलू नये. निर्णय असा: बापूंनी सर्वांसमक्ष एक गाठ मारून दाखवावी. मारली तर रोहू त्यांचा आणि आम्ही दोघे त्यांची माफी मागू."

वाल्मिकनं नवा गळ आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) हातात दिलं. बापूंनी खाली बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. मग बसले, कोपरं गुडघ्यांना टेकवली आणि सुरुवात केली.

काय सांगावं! दोरीचं टोक गळाच्या भोकाच्या उजवीकडून जायचं, मग डावीकडून. एकदा भोकापाशी पोचलं तेवढ्यात गळच हातातून पडला. त्यांनी टोक तोंडात घालून ओलं केलं. पुन्हा पडला. वाल्मिक मोजायला लागला, क्रिकेटचं समालोचन असतं तसं: "आन् हा बापूंचा प्रयत्न... थोडक्यात हुकला!" मी हसून हसून बाभळीला धरलं.

"वारा हाय," बापू म्हणाले.

"बापू, बाभळीचं पान हलत नाहीये!"

अजिनाथ उठून उभा राहिला. "पुरे की आता."

"न्यायात वशिला नाही," मी म्हणालो.

बापूंनी अजून प्रयत्न केला. बराच वेळ. शेवटी शेवटी वाल्मिकही गप्प झाला, घसा कोरडा पडला असावा. मग बापूंनी गळ आणि दोरी दगडावर व्यवस्थित ठेवली आणि म्हणाले, "रोहू अजिनाथचा."

आणि हसले. म्हणजे त्यांनाही मजा आली. खिलाडू माणूस आहे.

जाताना एवढंच म्हणाले, "शास्त्री, हितलं हितंच ऱ्हाऊ दे बरं का."

"अर्थात," मी म्हणालो.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सदर पाठवलं. बापूंचं नाव घातलेलं नाही. शब्दाला मी पक्का आहे. 'आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ निवृत्त पाटकरी' एवढंच. तालुक्यात निवृत्त पाटकरी काय थोडे आहेत?

एक परिच्छेद मनासारखा साधला, म्हणून इथे उतरवून ठेवतो:

'ज्या हातांनी आयुष्यभर कालव्याची दारं ताब्यात ठेवली, त्या हातांच्या ताब्यात आता वीतभर तंगूस राहीना. एका बाजूला गळाचं भोक, दुसऱ्या बाजूला दोरीचं टोक, आणि दोघांच्या मध्ये पिंपळपानासारखे थरथरणारे दोन हात. पत्रिका न जुळणाऱ्या स्थळांत सापडलेल्या मध्यस्थाची व्हावी, तशी त्यांची गत झाली. शेवटी दोन्ही पक्ष दगडावर ठेवून मध्यस्थ मोकळे झाले.'

सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे छापणार?" मी म्हणालो, "का? 'पिंपळपान' जुनं वाटतं का?" ती उठून आत गेली. मी 'पिंपळपान' तसंच ठेवलं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

काल सदरावर दिवसभर फोन. साखर कारखान्याच्या गेटवर मोठ्यानं वाचन झालं म्हणतात. एक जण म्हणाला, "सहादेव पाटकऱ्याला लई भारी घेतला." मी म्हणालो, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. तो म्हणाला, "नाव कशाला पायजे? बाभळीखाली बसनारा पाटकरी दुसरा कोन हाय?"

संपादकांनीही कळवलं, असंच येऊ द्या.

काल काठावर मात्र मी एकटाच. दिवाळीच्या साफसफाईत सगळे अडकले असतील.

रविवार, १० नोव्हेंबर

अजिनाथच्या दुकानावरून चाललो होतो, तो बोलावून म्हणाला, "बापूंच्या काठ्या गेल्या माळ्यावर."

"का?"

त्यानं वर पाहिलं. हातात मोटारीची तार होती, ती त्यानं सोडली नाही. "ओंकारनं पेपर वाचला. कुनीतरी त्याच्या हापिसात नेऊन दिला."

"पण त्यात नाव—"

"शास्त्रीबुवा," तो म्हणाला, "तार तुटंल. मग या."

मला वाईट वाटलं. ओंकारनं इतकं अक्षरशः घ्यायला नको होतं. विनोदी लेखनाचा आस्वाद घेण्याचं शिक्षण आपल्याकडे शाळेत देतच नाहीत. माझं काही चुकलं का, याचाही विचार केला. 'हितलं हितंच' म्हणजे नाव बाहेर जाऊ नये, असा अर्थ मी घेतला होता. तो अर्थ धरला तर चूक नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल मतदान. दहा दिवस सभा, भाषणं, आकडे. डायरीला हात लागला नाही. काठाची फार आठवण येते. तिथे निदान मासे खोटं बोलत नाहीत.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी तीन विनोद टाकले. सगळ्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा आहेत.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज स्वतः बापूंकडे गेलो. म्हटलं ओंकारची समजूत घालावी, वार्ताहराचा तेवढा मान असतो.

बापू पडवीत खुर्चीवर होते. सून रूपालीनं त्यांना स्टीलच्या पेल्यात तळाशी बोटभर चहा दिला, मला कपभर. मी म्हणालो, "काय रूपालीताई, सासऱ्यांना रेशन?" ती आत गेली.

"काय बापू, वजन वाढलं घरी बसून!"

"व्हय," ते म्हणाले.

"पाणी छान निवळलंय. थंडी पडली की रोहू काठाला."

"असंल." एका हातानं त्यांनी दुसरा हात मांडीवर दाबून धरला होता.

ओंकार मला अंगणात घेऊन गेला. सभ्य मुलगा. म्हणाला, "काका, ऑगस्टमध्ये पडले तेव्हाच नगरला डॉक्टरांना दाखवलं. कंपवात. वाढत जाणार म्हणाले. बापू म्हणाले, मित्रांना सांगू नको, ते हसतील. मी म्हणालो, मग मला कसं कळणार तुम्हाला कधी जमेनासं झालं? तर म्हणाले, ज्या दिवशी गाठ जमणार नाही त्या दिवशी मीच सांगीन. अजिनाथभाऊ गाठी मारून देत होते हे मला माहीत होतं. मी माहीत नाही असं दाखवत होतो. त्यांचा रविवार राहावा म्हणून."

"मग आता तरी—"

"आता सगळ्या गावाला माहीत आहे. परवा किराणा दुकानात पोरं त्यांच्यासमोर दोरी ओवायची नक्कल करत होती. त्यांनी स्वतःच काठ्या माळ्यावर टाकायला लावल्या. मी नाही टाकल्या."

मी म्हणालो, असं होतं तर आधी सांगायचं. त्यानं हात जोडले. "या काका."

कंपवात. शब्द मात्र सुरेख आहे. दोनच पदं, आणि रोगाचं सगळं रूप डोळ्यांपुढे. पुढच्या लेखात बापूंविषयी काहीतरी गौरवपर लिहावं, असं मनात आहे.

रविवार, १ डिसेंबर

काठावर पुन्हा एकटाच. वाल्मिकला फोन केला. म्हणाला, कचेरीत तपासणी आहे, सुट्टी बंद. अजिनाथचा लागला नाही. चिलाप्या मात्र आज भरपूर. मी त्या परत पाण्यात सोडल्या. कोणाला देणार?

गौरवपर लेख सुरू केला, पण तो पुनःपुन्हा विनोदाकडेच वळतो.

रविवार, ८ डिसेंबर

बाभळीखाली बसलो. समोर पाण्याची अरुंद जीभ ओढ्यात शिरते. तिच्या पलीकडच्या काठावर एक लाल प्लास्टिकची खुर्ची दिसली. खुर्चीवर बापू. पायाशी अजिनाथ उकिडवा बसलेला, बाजूला वाल्मिक. तपासणी लवकर संपली असावी.

वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता, त्यामुळे बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. वाल्मिक थंडीतल्या आमिषावर व्याख्यान देत होता. बापू म्हणाले, "तुझं आयकून मासं झोपलं रं." तिघे मोठ्यानं हसले.

मी हाक मारली. दोनदा. वारा उलटा, पोचली नसावी. वाल्मिकनं मान वळवल्यासारखी वाटली, पण उन्हात नीट दिसत नाही.

सामान बांधलं आणि उसाच्या वाटेनं वळसा घालून गेलो.

"या," अजिनाथ म्हणाला. त्यानं एक दगड पुसून दिला. त्याच्या हातात बापूंचा गळ होता आणि तो सगळ्यांच्या देखत त्याला गाठ मारत होता.

"अरे वा! मग मासा कोणाचा?" मी गमतीनं म्हणालो.

कोणी हसलं नाही. वाल्मिक म्हणाला, "ज्याच्या काठीला लागंल त्याचा. नियम बदललाय. बापूनीच बदलला."

"ओंकार?"

"त्योच सोडून गेला सकाळी. अजिनाथ त्यांच्या घरी गेल्ता. म्हनला, उघड मारीन गाठी, लपून न्हाई. बापू दोन ऐतवार न्हाईच म्हनत हुते."

"मला ग्रुपवर तर काही दिसलं नाही."

"दुसरा ग्रुप हाय," अजिनाथ म्हणाला. नेहमीसारखाच, शांतपणे.

मग थंडीवर बोलणं झालं. उसावर झालं. वाल्मिकनं माझ्या मुलांची चौकशी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी दोन विनोद केले, चांगले होते. तिघांनीही "व्हय, व्हय" म्हटलं.

मध्येच बापूंचा गळ अडकून तुटला आणि त्याच वेळी अजिनाथची काठी वाकली. मोठा मासा होता, अजिनाथ पाण्याकडे धावला. बापूंनी डबीतून नवा गळ काढला होता, गाठ न मारलेला. तो त्यांच्या बोटांत हलत होता.

मी खाली बसलो आणि हात पुढे केला. मनापासून केला. "आणा बापू. मी मारतो गाठ. तुम्हीच शिकवलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गळावर मूठ मिटली. घट्ट. हात थरथरत होता, त्यामुळे गळ आत शिरताना दिसला. मनगटावरून रक्ताची बारीक धार खुर्चीच्या दांडीवर आली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमी पावनं. बसा."

मी म्हणालो, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं.

"व्हय," वाल्मिक म्हणाला. "लिवा की तसं."

अजिनाथनं दोरी कापली आणि मासा तसाच जाऊ दिला. तो येऊन खुर्चीपुढे बसला, तेव्हा बापूंनी त्याच्यापुढे मूठ उघडली.